पाळणा आणि परसबाग

प्रसूती सुखरूप पार पडली, माता व बालक घरी गेले, की रुग्णालयाचे काम संपले, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः यापुढच्या दोन वर्षांत बालकाच्या प्रकृतीचा जो पाया घातला जातो, तो औषधालयात कमी आणि घरच्या स्वयंपाकघरात अधिक घातला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील ६ ते ५९ महिने वयाच्या बालकांपैकी ६७.१ टक्के बालके रक्तक्षयाने ग्रस्त आढळली. महाराष्ट्रापुरते पाहिले तर हे प्रमाण ६८.९ टक्के होते. १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांत देशभरात ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी होते. त्याच सर्वेक्षणानुसार ६ ते २३ महिने वयाच्या बालकांपैकी केवळ ११.३ टक्के बालकांना किमान पुरेसा म्हणता येईल असा आहार मिळत होता. हे आकडे केवळ दारिद्र्याचे निदर्शक नाहीत. ज्यांच्या घरी दोन वेळची चूल नियमाने पेटते, अशा अनेक घरांतही बाळंतिणीच्या ताटात आणि बाळाच्या वाटीत भाजी क्वचितच पडते.

या उणिवेवर एक जुना, अल्पखर्चिक आणि आपल्या घरांना परिचित असलेला उपाय म्हणजे परसबाग. मागील दारी जागा असेल तर वाफे, नसेल तर गच्चीत वा गॅलरीत चार-सहा कुंड्या, एवढीच तिची व्याप्ती. तथापि तान्हे बाळ असलेल्या घरात ही बाग कशी करावी, केव्हा करावी आणि मुख्य म्हणजे कोणी करावी, याचा विचार आधी झाला नाही, तर ती उपकारक होण्याऐवजी बाळंतिणीवरचे आणखी एक ओझे होऊन बसते. प्रस्तुत लेखाचा हेतू हा विचार रुग्णांच्या कुटुंबीयांपुढे व संस्थेच्या हितचिंतकांपुढे मांडावा, असा आहे.

भाजी आधी आईच्या ताटात

पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, पाणीसुद्धा देऊ नये, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आता बहुतेकांस ठाऊक झाली आहे. याचा अर्थ असा की, या काळात बागेतील भाजी बाळापर्यंत पोहोचायची ती आईच्या मार्फतच. दूध पाजणाऱ्या मातेला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० किलोकॅलरी ऊर्जा अधिक लागते. तिच्या आहारातील 'अ' जीवनसत्त्वाचा परिणाम दुधातील 'अ' जीवनसत्त्वावर थेट होतो. हिरव्या पालेभाज्या, लाल भोपळा, गाजर यांतील पिवळे-केशरी रंगद्रव्य शरीरात गेल्यावर त्याचे 'अ' जीवनसत्त्व बनते. यास्तव आईच्या ताटातील पालेभाजी ही बाळाच्याही वाट्याची भाजी असते.

लोहाची गोष्ट किंचित निराळी आहे. आईने कितीही लोहयुक्त आहार घेतला तरी दुधातील लोह त्या प्रमाणात वाढत नाही. पूर्ण दिवसांचे बाळ जन्मतःच आपल्या शरीरात लोहाचा साठा घेऊन येते आणि तो साधारणपणे सहा महिन्यांच्या सुमारास सरत येतो. मग मातेने लोहयुक्त भाजी का खावी? तर तिचे स्वतःचे रक्त भरून यावे म्हणून. गर्भारपणात आणि प्रसूतीच्या रक्तस्रावात जे गेले ते भरून आले नाही, तर थकवा, धाप, वारंवार होणारे आजार आणि पुढील गर्भारपणातील धोका हे सारे तिच्या वाट्याला येते. आईची ताकद टिकली तर बाळाची निगा टिकते, हे सांगावयास वैद्याची गरज नाही.

अनेक घरांत बाळंतिणीला पालेभाजी वर्ज्य मानली जाते. 'बाळाला बाधेल', 'बाळाचे पोट बिघडेल' अशी भीती त्यामागे असते. वडीलधाऱ्यांची ही काळजी मायेतून आलेली असते, म्हणून ती हसण्यावारी नेऊ नये. परंतु स्वच्छ धुऊन नीट शिजविलेल्या पालेभाजीने निरोगी मातेच्या बाळाला अपाय होतो, असे वैद्यकशास्त्र मानीत नाही. दूध पिणाऱ्या बाळाच्या शीचा रंग पिवळ्यापासून हिरवटापर्यंत बदलत राहणे हेही स्वाभाविक आहे. उलट आपल्याच परंपरेत बाळंतिणीसाठी मेथी, शेपू, अळीव यांची योजना आहे. या तिन्ही वस्तू कुंडीत उगवतात, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. अळिवाच्या लाडवांसाठी आणलेल्या बियांतील चिमूटभर बी ओल्या मातीवर पसरले, तर आठ-दहा दिवसांत त्याची कोवळी, किंचित तिखट पाने कोशिंबिरीत घालण्याजोगी होतात.

आणखी एक रंजक बाब येथे नमूद करण्याजोगी आहे. आईने खाल्लेल्या काही पदार्थांचा स्वाद तिच्या दुधात उतरतो. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील मोनेल संशोधन केंद्राच्या ज्यूली मेनेला व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या मातांनी गर्भारपणी अथवा दूध पाजण्याच्या काळात गाजराचा रस नियमित घेतला होता, त्यांच्या बाळांनी पुढे गाजराच्या स्वादाची पेज अधिक खुशीने स्वीकारली. म्हणजे भाजीची गोडी लागण्याचा पहिला धडा बाळ आईच्या कुशीतच गिरवीत असते.

डोहाळजेवणापासून उष्टावणापर्यंत

बाग कोणत्या महिन्यात लावावी, असे विचारले असता ऋतूकडे बोट दाखविण्याची आपली रीत आहे. बाळाच्या घरी मात्र ऋतूबरोबरच दुसरेही एक पंचांग पाहावे लागते. डोहाळजेवण, सव्वा महिना आणि उष्टावण हे त्यातील तीन टप्पे. कोणती भाजी किती दिवसांत येते, हे या टप्प्यांशी जुळवून घेतले की नेमक्या गरजेच्या वेळी हाताशी भाजी असते.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते. त्या सुमारास घरच्यांनी परसात शेवग्याचे तीन-चार फूट लांबीचे फांटे लावावेत. पाणी मिळत राहिले तर सुमारे तीन महिन्यांत त्यावर खुडण्याजोगा पाला येतो. म्हणजे बाळंतिणीचा सव्वा महिना सरता सरता शेवग्याच्या पाल्याची भाजी तिच्या ताटात येऊ शकते. शेंगांची वाट पाहता पाहता आपण पाल्याकडे दुर्लक्ष करतो. वास्तविक प्रथिने, चुना, लोह आणि 'अ' जीवनसत्त्वाचे मूळ द्रव्य यांच्या दृष्टीने पाला हाच या झाडाचा अधिक मोलाचा भाग आहे. एकदा जगलेले झाड पुढे फारसे काही मागत नाही, हाही त्याचा मोठा गुण.

नवव्या महिन्याच्या अखेरीस मेथी आणि लाल माठ पेरावा. दोन्ही भाज्या साधारण २५ ते ३० दिवसांत काढणीस येतात. पालकाला ३५ ते ४० दिवस लागतात, परंतु तो मुळासकट न उपटता वरून कापला तर पुन्हा फुटतो. सगळे बी एकाच दिवशी पेरण्याची चूक बहुतेक नवशिके करतात. मग एका आठवड्यात भाजीचा ढीग पडतो आणि पुढे महिनाभर वाफा रिकामा राहतो. त्याऐवजी तीन पसरट कुंड्या वा फळांचे जुने क्रेट घेऊन दर दहा दिवसांनी एकात पेरणी करावी. अशा रीतीने एक काढणीस, एक वाढीस आणि एक उगवणीस, असा क्रम चालू राहतो.

बाळ दोन महिन्यांचे झाले की उष्टावणाची तयारी बागेत सुरू करावी. रताळ्याच्या वेलाचे तुकडे या वेळी लावले तर सुमारे चार महिन्यांत, म्हणजे बाळाच्या सहाव्या महिन्याच्या अखेरीस, रताळी तयार होतात. तिरुवनंतपुरम येथील केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेने विकसित केलेले 'भू सोना' हे केशरी गराचे वाण 'अ' जीवनसत्त्वाच्या दृष्टीने विशेष उपयुक्त आहे. लाल भोपळ्यालाही साडेतीन-चार महिने लागतात. हा भोपळा पूर्ण पिकल्यावर देठासह काढून कोरड्या, हवेशीर जागी ठेवला तर दोन-तीन महिने टिकतो, म्हणून पावसाळ्यातल्या वेलाचे फळ हिवाळ्यातल्या उष्टावणालाही उपयोगी पडते.

ऋतू अर्थातच सर्वस्वी बाजूला सारता येत नाही. मेथी, पालक, गाजर यांना हिवाळा मानवतो. उन्हाळ्यात माठ, राजगिरा व अंबाडी तग धरतात. पावसाळ्यात कोवळ्या पालेभाज्या कुजतात, तेव्हा दोडका, दुधी यांसारखे वेल आणि शेवगा यांवर भर द्यावा. पालेभाज्यांना दिवसाचे तीन-चार तास ऊन पुरते. फळभाज्यांना सहा तास तरी हवे.

बियांसंबंधी एक शब्द. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या श्रीमती राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांच्या बियांचा जो संग्रह उभारला, त्याबद्दल २०२० च्या पद्मश्री सन्मानाने त्यांचा गौरव झाला. घरातील नातू आजारी पडल्यावर आपण या कामाकडे वळलो, असे त्या सांगतात. गावठी वाणाचे बी घरीच धरता येते आणि पुढील वर्षी तसेच पीक देते; संकरित वाणाच्या बियांपासून तसे होईलच असे नाही. दरवर्षी बी विकत घ्यावे न लागणे, हे साध्या उत्पन्नाच्या कुटुंबासाठी लहान सोय नव्हे.

बाग कोणी करावी?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. नवजात बाळाला दिवसरात्रीतून आठ ते बारा वेळा पाजावे लागते. मातेची झोप तुटक होते. प्रसूतीची जखम भरून यावयाची असते. सिझेरियन शस्त्रक्रिया झालेल्या मातेने साधारण सहा आठवडे बाळाहून जड काहीही उचलू नये, असे आम्ही सांगतो. पाण्याने भरलेली बादली आणि मातीने भरलेली कुंडी ही दोन्ही त्यात आली. अशा स्थितीत 'बाग तुझ्यासाठीच केली आहे, तेव्हा पाणी तूच घाल' असे म्हणणे म्हणजे उपायाचा अपाय करणे होय.

म्हणून बाग ही बाळंतिणीला कुटुंबाने द्यावयाची वस्तू आहे. खणणे, कुंड्या भरणे, ओझी वाहणे हे काम बाळाच्या वडिलांचे. सकाळ-संध्याकाळचे पाणी आजोबांकडे किंवा शाळेत जाणाऱ्या भावंडांकडे द्यावे. भाजी निवडणे आणि शिजवणे आजीने किंवा घरातील इतरांनी वाटून घ्यावे. चार-सहा कुंड्यांच्या बागेला रोजची पंधरा-वीस मिनिटे पुरतात. घरात मनुष्यबळ नसेल, तर बाग त्याहूनही लहान करावी. शेवग्याचे एक झाड आणि कढीपत्त्याचे एक झाड एवढी बागही पुष्कळ आहे. पुढे आईला उत्साह वाटला तर तिने अवश्य बागेत रमावे. सकाळच्या कोवळ्या उन्हात, झाडांत घालविलेला थोडा वेळ मनाला विसावा देतो. मात्र तो तिच्या इच्छेचा भाग असावा.

माती, पाणी आणि तान्हे बाळ

माती जीवन देते, तसे रोगजंतूही मातीत असतात. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात दीर्घकाळ टिकून राहतात. भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले, ते लसीकरण व स्वच्छ प्रसूती यांमुळे. जंतू नाहीसे झाल्यामुळे नव्हे. म्हणून गर्भारपणातील टीडी लस चुकवू नये. बाळाच्या नाळेवर माती, राख, शेण, हळद यांपैकी काहीही लावू नये; नाळ कोरडी व स्वच्छ ठेवावी. बागेतून आलेल्या प्रत्येकाने बाळाला घेण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. गर्भवतीने मातीत हात घालावयाचा झाल्यास हातमोजे वापरावेत, कारण मांजरांच्या विष्ठेने दूषित झालेल्या मातीतून गर्भास अपायकारक संसर्ग होऊ शकतो.

खत पूर्ण कुजलेले असावे. ताजे शेण पालेभाजीच्या वाफ्यात घालू नये. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी झाडांना अवश्य घालावे, परंतु बाळाचे लंगोट धुतलेले पाणी भाजीकडे वळवू नये. मोरीच्या सांडपाण्यावर अळू वाढविण्याची जुनी पद्धत आहे. ते अळू नीट शिजविल्याखेरीज खाऊ नये, आणि घशाला खाजरे असल्याने वर्षाच्या आतील बाळाला तर देऊच नये. रंगाचे किंवा कीटकनाशकाचे रिकामे डबे कुंडी म्हणून वापरू नयेत. कुंड्यांखालच्या ताटल्यांतील पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून त्या कोरड्या कराव्यात. डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतात.

बाळाच्या घरी रासायनिक कीटकनाशक आणूच नये. मावा पडल्यास पाण्याचा फवारा मारावा किंवा पाच टक्के निंबोळी अर्क वापरावा. त्यासाठी ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, एक लिटर अर्क करावा. हा अर्क आणि कडुनिंबाचे तेल बाळाच्या तोंडाला लागणार नाही अशा जागी ठेवावे. कडुनिंबाचे तेल पोटात गेल्याने तान्ह्या बाळांना गंभीर विषबाधा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. बाळ रांगू लागण्यापूर्वी कण्हेर, धोतरा, एरंड यांसारखी विषारी झाडे अंगणातून काढून टाकावीत. रांगणारे बाळ जग तोंडानेच ओळखते, याचा विसर पडू नये.

उष्टावणानंतरची वाटी

सहा महिने पूर्ण झाले की आईच्या दुधाच्या जोडीने वरचे अन्न सुरू करावे. तांदूळ व मूगडाळ भाजून केलेले खिमट हे आपल्याकडील उत्तम आरंभीचे अन्न आहे. त्यातच शिजवून मऊ केलेला भोपळा, रताळे, गाजर किंवा शेवग्याचा बारीक केलेला कोवळा पाला घालावा. वर चमचाभर तूप किंवा तेल घातले की 'अ' जीवनसत्त्वाचे मूळ द्रव्य शरीरात नीट शोषले जाते. दोन थेंब लिंबू पिळले तर भाजीतील लोह अधिक लागू पडते. अन्न चमच्यावरून ओघळणार नाही इतके दाट असावे. पातळ पाण्यासारख्या पेजेने पोट भरते, पोषण होत नाही. आरंभी दोन-तीन चमचे, दिवसातून दोन-तीन वेळा द्यावे व हळूहळू वाढवावे. पहिल्या वर्षात मीठ-साखर घालू नये आणि मध मुळीच चाटवू नये, कारण मधातील विशिष्ट जंतूंमुळे लहान बाळाला घातक विषबाधा होऊ शकते. पालेभाजीचे वाटण ताजेच द्यावे. ठेवून दिलेले, पुन्हा गरम केलेले देऊ नये. कच्च्या गाजराचे तुकडे, अख्खे वाटाणे, शेंगदाणे यांनी बाळाला ठसका लागून श्वास अडकू शकतो, म्हणून ते टाळावेत.

नवी भाजी बाळाने थुंकली म्हणून ती सोडून देऊ नये. एखादी चव आपलीशी होण्यास आठ-दहा वेळा ती चाखावी लागते. जबरदस्ती न करता, हसतमुखाने, थोडी थोडी पुन्हा देत राहावे.

बागेच्या मर्यादा

परसबागेची महती सांगताना तिच्या मर्यादा सांगणेही आमचे कर्तव्य आहे. बांगलादेशात हेलन केलर इंटरनॅशनल या संस्थेने १९९० च्या दशकात घरगुती भाजीपाला लागवडीचे मोठे काम केले. तेथील व अन्यत्रच्या अनुभवातून एवढे स्पष्ट झाले की, घरी बाग असली की घरातील भाजीचे सेवन वाढते. परंतु बालकाचे वजन व उंची वाढण्यासाठी केवळ भाजी पुरत नाही. डाळी, दूध, अंडी, चालत असल्यास मांस-मासळी, शुद्ध पाणी आणि वेळेवर लसीकरण यांची जोड लागते. पालेभाजीतील लोह शरीरात थोड्या प्रमाणातच शोषले जाते. म्हणून भाजी सुरू केली, आता गोळ्या नकोत, असे कोणीही समजू नये. शासनाच्या अॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमानुसार प्रसूतीनंतर १८० दिवस रोज लोह व फॉलिक आम्लाची गोळी घ्यावयाची असते, आणि सहा महिन्यांवरील बालकाला आठवड्यातून दोनदा लोहाचे औषध द्यावयाचे असते. गोळी जेवणानंतर लगेच चहा घेऊन गिळू नये. चहाने लोहाचे शोषण घटते. जी माता धाप लागते, चक्कर येते असे सांगते, तिला भाजीची वाट पाहायला न लावता तपासणीस आणावे.

आपल्या रुग्णालयाच्या हितचिंतकांना व विश्वस्तांना या निमित्ताने एक नम्र सूचना करावीशी वाटते. प्रसूती विभागातून घरी जाणाऱ्या मातेच्या हाती आपण डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाचे कार्ड आणि गोळ्यांची पाकिटे देतो. त्यासोबत मेथी, माठ व भोपळ्याच्या गावठी बियांची एक पुडी आणि शेवग्याचा एक फांटा तिच्या पतीच्या हाती द्यावा. लसीकरणासाठी बाळ दीड, अडीच व साडेतीन महिन्यांचे झाल्यावर कुटुंब पुन्हा येतेच. त्या वेळी बाळाच्या वजनाबरोबर 'शेवगा फुटला का?' अशी चौकशी परिचारिकेने करावी. देणगीदारांच्या दृष्टीने हा खर्च अगदी किरकोळ आहे. रुग्णालयाच्या आवारात चार शेवगे व बियांसाठी दोन वाफे राखले, तर तोही बराच वाचेल.

उपचाराने रोग बरा होतो. आरोग्य मात्र रोजच्या ताटावाटीतून घडते. बाळाचा पाळणा बांधताना घरातील पुरुषांनी मागील दारी एक फांटा रोवावा आणि त्याला रोज तांब्याभर पाणी घालावे, एवढीच या लेखाची विनंती आहे.